राधानगरीच्या जंगलालगत मुक्कामाला असताना संरक्षणासाठी कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यावं?

तुम्ही विचारलंय की दाजीपूरच्या जंगलाला लागून तीन एकर रान घेतलंय, आठवड्यातून दोन-तीन रात्री तिथल्या खोलीत मुक्काम असतो, गव्याची आणि अस्वलाची भीती वाटते, तर कमरेला लावायला कोणतं रिव्हॉल्व्हर चांगलं. मी काळम्मावाडी धरणाच्या पाण्याच्या मागच्या अंगाला राहतो आणि माझ्याकडे परवान्याचं बत्तीस बोरचं, म्हणजे साधारण ०.३२ इंच जाडीच्या गोळीचं, रिव्हॉल्व्हर आहे, म्हणून लिहितोय. गव्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून होता होता राहिली.

रिव्हॉल्व्हर मुळात वडिलांचं. त्यांची गुळाची अडत होती. मार्केट यार्डातून पट्टीची रोकड घेऊन रात्री-अपरात्री गावाकडं यायचे, त्यासाठी त्यांनी परवाना काढला होता. त्यांच्या माघारी तो माझ्या नावावर झाला. रोकड आता कोण बाळगतंय? पण सवयीनं मी ते रानात जाताना कमरेला लावायला लागलो. लावलं की बरं वाटायचं.

मग श्रावणातली एक सकाळ. रात्रभर पाऊस, धुकं इतकं की बांधावरचं जांभळाचं झाड दिसेना. खाचरात पाणी किती साठलंय ते बघायला निघालो होतो. जांभळापाशी पोचलो तेव्हा पहिल्यांदा पाय दिसले. गुडघ्यापासून खाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. मग वर बघितलं. एकांडा गवा. ओल्या पाठीवरून वाफ निघत होती. त्यानं मान खाली घेतली आणि नाकातून असा फुसकारा टाकला की माझ्या छातीत घुमला. माझा उजवा हात आपसूक रेनकोटच्या खाली गेला आणि तिथंच अडकला. रेनकोटचं खालचं बटण लागलेलं, आतला कातडी पट्टा भिजून फुगलेला, बोटं गारठलेली. मी तसाच, एक हात पोटाशी अडकलेला, मागं मागं सरकत झाडाच्या आड झालो. तो आडवा वळला, आपलं सगळं अंग दाखवून क्षणभर थांबला आणि कारवीत शिरला.

नंतर मोजलं. पंधरा पावलं. गव्याला हे अंतर कापायला किती वेळ लागतो ते ज्यानं त्याला पळताना पाहिलंय त्याला सांगायला नको. मला त्या दिवशी जे कळलं ते असं की हात अडकला नसता तर मी नक्की चाप ओढला असता, आणि मग तो कारवीत गेला नसता, माझ्या अंगावर आला असता.

आपल्याकडं सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक वेळा बत्तीस. त्याची गोळी जेमतेम सहा ग्रॅमची, आणि हे काडतूस १८९६ सालचं. ते शहरातल्या माणसाच्या खिशासाठी बनलं होतं. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत जातो. त्याच्या खांद्यावर मांसाची जी भिंत असते आणि कपाळाचं जे हाड असतं, त्यापुढं ही गोळी म्हणजे नुसती चिडवणी. जखमी गवा किती वाईट, हे आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात. हे जंगल संस्थान काळात महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं, हाकारे घालणाऱ्यांची नातवंडं इथल्या वाड्यांत आहेत. शिकार करणारे मोठ्या बोरच्या रायफली घेऊन यायचे. कमरेच्या हत्यारावर गव्यापुढं कुणी उभं राहत नव्हतं.

इंटरनेटवर 'जंगलासाठी रिव्हॉल्व्हर' शोधलंत तर अमेरिकेतले लोक ज्याची शिफारस करतात ते चव्वेचाळीस मॅग्नम असतं. हे काडतूस १९५५ सालचं, ताकद आपल्या बत्तीसच्या सहा-सात पट. त्याआधीचं १९३५ चं .३५७ मॅग्नम साधारण चौपट. तिकडच्या अस्वलांसाठी ते ठीक असेल. पण हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. जुनं एखादं फिरत फिरत विकायला आलं तर किंमत लाखांत जाते, वर काडतुसं मिळवायची मारामार. म्हणून तिकडचा सल्ला वाचून इथलं बत्तीस घेणं म्हणजे ट्रॅक्टरचं वर्णन वाचून मोपेड घेण्यासारखं होईल.

आता कायदा. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि तुमच्या बाबतीत ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. दाजीपूरला १९५८ साली अभयारण्य झालं, आता ते राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. त्या पट्ट्यात राहणाऱ्या जुन्या परवानाधारकांनाही वनखात्याकडं नाव नोंदवावं लागतं. कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात पाय ठेवता येत नाही. परवाना खिशात असला तरी नाही. तुमच्या रानातून वर देवाला जाणारी पायवाट हद्दीच्या आतून जात असेल, तर कमरेला रिव्हॉल्व्हर लावून त्या वाटेनं गेलात की तुम्ही गुन्हेगार.

गवा, बिबट्या, अस्वल हे तिन्ही याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या जनावरांच्या यादीत आहेत. जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारलं किंवा जखमी झालं तर कलम ११ मध्ये सूट आहे. पण त्याच कलमात असंही आहे की त्या वेळी तुम्ही स्वतः या कायद्याविरुद्ध काही करत असाल तर ती सूट मिळत नाही. बेकायदा हत्यार घेऊन आत शिरलेल्या माणसाला तो बचाव उरत नाही, हे नीट ध्यानात घ्या.

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणाल, खोली एकटी आहे, चोराचिलटाची भीती आहे, जनावराचा विषय सोडा. ते कारण मला पटतं. त्यासाठी परवाना मिळाला तर पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं, असं माझं मत आहे. ते महिनोन् महिने कपाटात राहतं, त्यात पिस्तुलासारखी मॅगझिनची (काडतुसांच्या पेटीची) स्प्रिंग नाही, आणि एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, काडतुसं भरलेलं गोल सिलिंडर फिरून पुढचं काडतूस समोर येतं. घाबरलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही लक्षात राहत नाही.

सरकारी कारखान्यांचे तीन प्रकार साधारण बघायला मिळतात. जुनं बत्तीस, जे मधून मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडून भरतात, तेच माझ्याकडे आहे. २०१४ ला कानपूरहून आलेलं 'निर्भीक', वजन अर्धा किलो, खास बायकांसाठी म्हणून आणलं, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. आणि २०२३ चं 'प्रबल', वजन पाऊण किलोच्या आत, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, मोडावं लागत नाही. हातात घेऊन बघितल्यावर मला प्रबल आवडलं, कारण ओल्या हातानं भरायला सोपं आहे. हलकं हत्यार बाळगायला चांगलं वाटतं, पण बार काढताना तेच जास्त उसळतं. आणि दुकानात सगळ्यात आधी चाप बघा. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, मागं न ओढता नुसता चाप दाबून बार काढायचा झाला तर बोटाला चांगलाच जोर लागतो, आणि त्या जोरानं नळी हलते. रिकाम्या रिव्हॉल्व्हरनं, दुकानदाराला विचारून, सलग सहा वेळा चाप ओढा. सहाव्या वेळी नळीचं टोक थरथरत असेल तर ते हत्यार तुमच्या हाताचं नाही.

त्या सकाळनंतर मी रेंजवर जाऊन दहा मीटरवर जेवणाची कागदी पत्रावळ लावली आणि घाईनं सहा बार काढले. पत्रावळीला लागले दोन. ऊन होतं, जमीन सपाट होती, समोर काही येत नव्हतं, तरी दोन. आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून ऑलिंपिकचं नेमबाजीतलं कांस्यपदक आणलं. त्यामागं किती वर्षं आणि किती तास आहेत ते या भागातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. आपण वर्षातून एकदा दसऱ्याला पुसून पूजा करणार आणि वेळ आली की नेम लागेल म्हणणार, असं होत नाही.

एक गोष्ट खास आपल्या पावसाची. कातडी पाकिटात रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं पावसाळाभर ठेवू नका. माझी सहा काडतुसं एका आषाढात हिरवी झाली, तांब्या कळकावा तशी पितळेवर कळक चढली. त्यातली दोन नंतर उडाली नाहीत. सुती फडक्यात, तेलाचा नुसता हात फिरवून, कुलपात ठेवा. पोरंबाळं येणार असतील तर काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची तयारी ठेवा, जमा करायला सांगितलं तर त्या काळात तुमच्याकडं ते नसणार.

मग रानात मी आता काय नेतो? घुंगुरकाठी, चांगली बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. आमच्या वाडीत आजवर गव्यापेक्षा घोणशीनं जास्त माणसं दवाखान्यात पाठवलीत, त्यामुळं गमबूट पहिले. पहाटे आणि तिन्हीसांजेला बांधावरून जाताना मोठ्यानं बोलत जातो, एकटा असलो तरी. गव्याला नाक तिखट, त्याला तुमचा वास आणि आवाज आधी कळला तर तो आपण होऊन बाजूला होतो. अचानक गाठ पडली तरच घोटाळा. अस्वलाचंही तेच, फक्त ते दचकलं की थेट तोंडावर येतं. म्हणून करवंदं आणि फणस पिकायच्या दिवसांत दाट जाळीतून वाट काढू नका. कुत्रं मोकळं सोडू नका, ते जनावराला भुंकून डिवचतं आणि घाबरून तुमच्याच पायाशी पळत येतं, मागं जनावर असतं. गवा दिसला की वाट त्याची आहे असं समजून मागं सरका, मध्ये झाड येऊ द्या. फोटो काढत बसू नका आणि माणसं गोळा करू नका. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला आलेला गवा गर्दीनं पळवून पळवूनच मेला. जनावर वस्तीत बसून राहिलं तर वनखात्याचा १९२६ नंबर लावा.

रिव्हॉल्व्हरवर जो पैसा घालणार आहात त्यातून खोलीभोवती सौर कुंपण आणि दारात मोठा दिवा होतो. मी तेच केलं, आणि त्यानंतर अंगणात गवा आलेला नाही.

एवढं वाचूनही परवाना काढायचाच असेल तर आधी तुमच्या रानाचा गट नंबर घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि अभयारण्याची हद्द तिथून किती किलोमीटर आहे ते नकाशावर बघून घ्या. कलेक्टर कचेरीत ए-१ फॉर्म भरायला त्यानंतर जा.