वाचकांचे प्रश्न : मधुमेही पायातील न दुखणारी गाठ

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून शेती करतात. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मागे उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, त्याच जागी पुढे टणक गाठ झाली. आता पाऊल सुजले असून दोन-तीन छिद्रांतून पू येतो आणि त्यात खसखशीएवढे काळे कण दिसतात. वेदना जवळजवळ नाहीत. प्रतिजैविकांचे अनेक कोर्स झाले, तरी फरक नाही. आता पाय कापावा लागेल, असे सांगण्यात आले आहे. हे गँगरीन आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पुवातले काळे कण तुम्ही नेमके टिपले आहेत आणि निदानाचा धागा त्यांच्यातच आहे. गँगरीनमध्ये रक्तपुरवठा तुटून कातडी काळी पडते. तुमचे वर्णन तसे नाही. काट्याच्या जखमेनंतर सावकाश वाढणारी, न दुखणारी गाठ, तिला पडलेली छिद्रे आणि त्यांतून येणारे कण असे तिन्ही एकत्र दिसले, की मायसेटोमा, म्हणजेच मदुरा फूट, या आजाराचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. मातीतली बुरशी जखमेवाटे आत शिरते आणि कातडीखाली वर्षानुवर्षे वाढत राहते. ते कण म्हणजे तिच्याच वसाहती. मदुराईत या आजाराची नोंद १८४२ मध्ये झाली. त्यामागे बुरशी असल्याचे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी मांडले. पुढे ते तुमच्याच साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते आणि १८७४ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. इतका जुना परिचय असूनही हा आजार आज ओळखायचा राहून जातो, याचे मला फार वाईट वाटते.

मायसेटोमा मधुमेहामुळे होत नाही. धडधाकट माणसालाही तो होतो. मात्र मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला काटा रुतल्याचेही कळत नाही, वाढलेल्या साखरेमुळे जखम भरत नाही, आणि मधुमेही व्यक्तीच्या पायातला पू म्हणजे नेहमीचाच जंतुसंसर्ग असे गृहीत धरून एकामागून एक प्रतिजैविके दिली जातात. बुरशीवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. पांढरे किंवा पिवळे कण बुरशीचे असू शकतात, तसेच जिवाणूंचेही, आणि जिवाणूंचा प्रकार योग्य प्रतिजैविकांनी बरा होतो. काळे कण मात्र बुरशीकडेच बोट दाखवतात.

म्हणून वडिलांना बुरशीच्या तपासणीची सोय असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या आणि खोलवरच्या भागाची बायोप्सी करण्याची विनंती करा. काढलेल्या तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवला जाईल, याची आधीच खात्री करून घ्या, कारण फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते आणि मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखण्याची तपासणी, करता येत नाही. कल्चरच्या अहवालाला काही आठवडे लागू शकतात. हाडापर्यंत आजार पोहोचला आहे का, हे एक्स-रे आणि एमआरआयवरून कळेल.

निदान पक्के झाल्यास इट्राकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावे लागते आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रियेने गाठ काढली जाते. पाय कापणे हा औषधांना दाद न देणाऱ्या, हाडात खोल पसरलेल्या आजारातला शेवटचा पर्याय आहे. तपासणीशिवाय त्याला संमती देण्याची घाई करू नये. ताप, झपाट्याने पसरणारी लाली किंवा काळवंडणारी कातडी दिसली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. म्युकरमायकोसिस हा बुरशीचाच दुसरा आजार पायाला क्वचितच होतो, पण साखर फार वाढलेली असताना झाला, तर तो काही दिवसांत हाताबाहेर जातो.

औषध सुरू करण्यापूर्वी वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. इट्राकोनॅझोल सिमवास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबरोबर चालत नाही, हृदय कमकुवत असल्यास ते धोक्याचे ठरते, आणि आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील, तर त्याच्या कॅप्सूल अंगी नीट लागत नाहीत. मधल्या काळात यकृताची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागेल आणि साखर आटोक्यात ठेवण्यासाठी इन्सुलिन सुचवले गेले, तर ते नाकारू नये.