सुट्टीच्या तोंडावर नाटक

प्रश्न : आमचं महाविद्यालय लहान आहे. दरवर्षी सुट्टी लागण्याच्या आदल्या आठवड्यात मुलांचं एक नाटक आणि चित्रप्रदर्शन असतं. तोवर निम्मं वसतिगृह रिकामं झालेलं असतं. गेल्या वर्षी २०० खुर्च्यांच्या सभागृहात ४५ प्रेक्षक होते आणि वाचनालयात लावलेल्या चित्रांकडे कुणी फिरकलंही नाही. दिवे अवघे ६. हे सगळं सुट्टीनंतर, सत्र सुरू झाल्यावर करावं, असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?
— एक प्राध्यापिका

उत्तर : ताई, पुढे ढकलू नका. ४५ प्रेक्षक म्हणजे छान प्रयोग होतो, फक्त त्यांना २०० खुर्च्यांत विखरून बसवू नका. प्रेक्षकांना रंगमंचावरच घ्या. दर्शनी पडदा पाडायचा, तीन बाजूंना खुर्च्या मांडायच्या आणि मधल्या जागेत नाटक करायचं. तेवढं वजन रंगमंचाला पेलेल ना, हे आधी तपासून घ्या आणि बाहेर पडायच्या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवा.

मी बरीच वर्षं प्रकाशयोजना केली. असाच एक प्रयोग माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. नायिका पत्र वाचते आणि काही न बोलता घडी घालते, एवढाच प्रसंग. मोठ्या सभागृहातल्या तालमीत ती मुलगी हात उंच करून, सगळ्यांना दिसावी म्हणून घडी घालायची. रंगमंचावर प्रेक्षक बसवले तेव्हा तिने पत्र मांडीवर ठेवलं आणि अंगठ्याने सावकाश कड दाबली. कागदाची करकर शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेली. पुढे तिला एक वाक्य होतं. ते तिने आपणहून गाळलं आणि दिग्दर्शकाने गाळू दिलं.

सहा दिवे पुरतात. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत आजही कामाला येते. रंगमंचाचे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर समोरून, डाव्या-उजव्या बाजूंनी साधारण ४५ अंशांत दोन दिवे सोडायचे, एक उबदार रंगाचा, एक थंड. तुमच्या सहा दिव्यांत तीन भाग होतात. घर, दार आणि बाहेरचा रस्ता. तीन बाजूंना प्रेक्षक असले की मात्र दिव्यांचे कोन थोडे फिरवून घ्यावे लागतात. कुणाच्या डोळ्यांवर झोत येत नाही ना, ते प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघा. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

आता चित्रांचं. वाचनालयात कुणी मुद्दाम जात नाही, सुट्टीच्या तोंडावर तर नाहीच. प्रेक्षक ज्या वाटेने नाटकाला येतात तिथेच चित्रं लावा आणि नाटकाच्या अर्धा तास आधी दार उघडा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला तो नीट येतो. जलरंगांवर प्रखर दिवा किंवा थेट ऊन नको. संग्रहालयांत त्यांच्यासाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात, कारण रंग उडतो तो परत येत नाही. आणि एक कळकळीचं सांगणं : चित्रकलेच्या मुलांना नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे कापड ताणलेल्या चौकटी, रंगवायला बोलावून प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दमवू नका. त्यांचाही तो प्रयोगच आहे. प्रत्येक जण आपल्या चित्राशेजारी उभा राहू दे, लोक आपोआप बोलू लागतात.

सुट्टीनंतर नको म्हणते, त्याचं खरं कारण वेगळं आहे. त्या आठवड्यात वसतिगृहात जी मुलं उरतात त्यांतली काही घरी जाऊ शकत नाहीत. कुणाला भाडं परवडत नाही, कुणाचं घरच उरलेलं नसतं. असा एक मुलगा आमच्या दोन्ही प्रयोगांना आला होता. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर तो खुर्च्या उचलू लागला. मी विचारलं तर म्हणाला, "खोलीवर कुणीच नाहीये." त्याला आम्ही दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर कसा चालवायचा ते शिकवलं. अशांना पात्रांत, दिव्यांवर, दारावर, कुठेही घ्या. शिपाई, माळी, स्वयंपाकघरातल्या मावशी यांच्या घरच्यांनाही स्वतः जाऊन बोलवा. नुसती सूचना फलकावर लावून ती माणसं येत नाहीत.

दरवर्षी तोच वार धरा. 'नटक्रॅकर' बॅले १८९२ साली सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झालं तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शीन यांनी ते १९५४ साली बसवलं आणि तिथे ते दर डिसेंबरची सवय होऊन गेलं. लोकांना सवय लागायला वर्षं जातात.

पात्रांची निवड करताना पहिल्याच दिवशी प्रत्येकाला परतीच्या तिकिटाची तारीख विचारा. प्रयोगाच्या आदल्या दिवशीची गाडी असलेल्या मुलाला मोठी भूमिका देऊ नका, तो कितीही चांगला नट असला तरी. त्याला तालमींत प्रॉम्प्टर करा, म्हणजे विसरलेली वाक्यं हळूच सांगायला बसवा. चार-पाच पात्रांची, मध्यंतर नसलेली संहिता घ्या आणि रंगीत तालीम प्रयोगाच्या दोन दिवस आधी उरकून टाका, म्हणजे मधला एक दिवस दिव्यांसाठी हाताशी राहतो.