पावसाळ्यात पन्हाळ्याला फार गर्दी असते. आई-वडिलांना घेऊन जायला पन्हाळ्याऐवजी कोल्हापूरजवळ शांत ठिकाण कोणतं?

माझं माहेर गडावरच. त्यामुळं ‘पन्हाळ्याऐवजी’ वाचलं आणि राहवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी दुपारी आबांना धाप लागली. ओठ निळे पडलेले. वहिनीनं ओम्नी काढली, मी मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. नाक्यापाशीच गाड्या अडकलेल्या. पावसाची झड, दाट धुकं, आणि पुढच्या गाडीच्या टपावर दोन पोरं व्हिडिओ काढत बसलेली. दादा भिजत पुढं चालत एकेका बॉनेटवर थाप मारत होता, “पेशंट आहे, जरा कडेला घ्या.” घेणार कुठं? एकीकडं डोंगर, एकीकडं दरी. एरवी पंधरा मिनिटांवरचं गडाखालचं वाघबीळ, त्या दिवशी पावणेदोन तास लागले. आबांचा हात माझ्या हातात होता, नखं बघत बसले होते मी सगळा वेळ. आबा वाचले. पण त्यानंतर पावसाळाभर दर शनिवारी आम्ही त्यांना कोल्हापुरात माझ्याकडं आणून ठेवायचो. स्वतःच्या घरातनं उठवून.

2021 च्या जुलैत रस्ता खचला, तेव्हाच कळायला हवं होतं की डोंगराला किती सोसतंय. 2025 ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचं नाव आलं. ऊर भरून आला आणि पोटात गोळाही आला.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर गडहिंग्लजजवळचा सामानगड, नाहीतर गारगोटीजवळचा भुदरगड. दोन्हीकडं गाडी वरपर्यंत जाते. सामानगडावर सात कमानींची विहीर आहे आणि 1844 चं गडकऱ्यांचं बंड तिथंच पेटलं. भुदरगडाचा तलाव आई-वडिलांना बसून बघता येईल. मसाई पठार मी सांगणार नाही, लोक फुलांवर गाड्या घालतात. राऊतवाडीच्या धबधब्यावर रविवारी पन्हाळ्याचीच गर्दी भेटेल.

पण खरं सांगू? जागा नको, वार बदला. यावरनं दादाशी माझं वर्षानुवर्षं वाजतंय. त्याचं झुणका-भाकरीचं आहे. तो म्हणतो, गर्दी आहे म्हणून गडावरच्या चुली पेटतात. मी म्हणते, रविवारी दोनलाच पीठ संपतं आणि मंगळवारी तवा थंडा, ह्याला धंदा म्हणायचं? तीच माणसं आठवडाभर वाटून आली तर तुझंही चालेल आणि आजारी माणूसही खाली पोचेल. तो अजून कबूल करत नाही. तुम्ही तरी मंगळवारी या. पाहुण्यांच्या लग्नाला रजा काढता, आई-वडिलांसाठी एक काढा. सकाळी सातला तीन दरवाज्यात उभे राहा, अंबरखाना बघा, सज्जा कोठीवर वारा खा. कुणी धक्का देणार नाही.

सामानगडाला गेलात तर डबा घेऊन जा, वर खायला मिळेल असं धरू नका. विहिरीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, वडिलांना उतरवू नका. दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, तिकडं हेलपाटा नको. आणि पन्हाळ्यालाच आलात तर भाकरी नऊनंतर मागा, वहिनी त्याच सुमारास चूल पेटवते.