मोबाइललाच मोडेम करून जुन्या डेस्कटॉपवर नेट चालेल का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत राहता, डेस्कटॉप जुना आहे, त्यात वाय-फाय नाही आणि ब्रॉडबँडच्या वायरसाठी घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. मग फोनच्या नेटवर भागेल का, असा तुमचा प्रश्न. भागतं की. मी शिवाजी पेठेत घरी बसून लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांची जीएसटीची रिटर्न भरतो. गल्लीत रस्ता खोदताना केबल तुटली की (आणि ती तुटतेच) चार-सहा दिवस सगळं फोनवर निभावतो.

तुम्हाला हॉटस्पॉट नको, कारण तो वाय-फायवर चालतो; यूएसबी टेदरिंग हवं, म्हणजे फोनचं नेट केबलमधून कॉम्प्युटरला देणं. फोन केबलने सीपीयूला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर 'यूएसबी टेदरिंग' दिसेल, ते चालू करा. कॉम्प्युटरला फोन म्हणजे नवीन नेटवर्क कार्ड वाटतं, दहा-वीस सेकंदांत नेट येतं. ते बटण फिकट दिसत असेल, दाबलंच जात नसेल, तर नव्वद टक्के वेळा दोष केबलचा. स्टँडजवळच्या हातगाडीवरून घेतलेल्या माझ्या केबलमध्ये डेटाच्या तारा नव्हत्याच, फोन नुसता चार्ज व्हायचा. मी बिचाऱ्या विंडोजला शिव्या घालत अख्खी दुपार घालवली होती. फोनसोबत खोक्यात आलेली केबल वापरा आणि सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा, पुढचे पोर्ट बऱ्याचदा ढिले असतात.

केबलने स्पीड कमी मिळेल का, ही शंका काढून टाका. साधी यूएसबी २.० सुद्धा कागदोपत्री ४८० एमबीपीएसची (सेकंदाला ४८० मेगाबिट), आपलं ४जी तिच्या जवळपासही जात नाही. ब्लूटूथनेही नेट देता येतं, पण ते एक-दोन एमबीपीएसवर रडतं.

खरा फरक पडतो तो फोन कुठे ठेवता यावर. आमचं घर जुनं, दगडी भिंती दीड हात जाडीच्या. मधल्या खोलीत टेबलावर फोन ठेवला तर तीन-चार एमबीपीएस, खिडकीच्या फळीवर ठेवला तर पंचवीस. कारण साधं आहे. ४जी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्यातली २३०० मेगाहर्ट्झवाली भिंतीतून फार आत शिरत नाही, ८५०-९०० वाली त्यामानाने शिरते, पण तिच्यावर जागा कमी म्हणून स्पीडही कमी. म्हणून तीन मीटरची चांगली केबल घ्या आणि फोन खिडकीत ठेवा. फक्त ऊन येणारी खिडकी टाळा. टेदरिंगमध्ये फोन एकीकडे चार्ज होतो, एकीकडे डेटा ओढतो, त्यात मार्च-एप्रिलचं ऊन लागलं की तापून स्पीड पाडतो आणि बॅटरी फुगायला लागते. जाड कव्हरही काढून ठेवा.

आता दोन सिमचा घोळ. हा मला कोणी सांगितला नव्हता. २० तारीख, थ्री-बी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. ओटीपी दुकानदाराच्या मोबाइलवर गेला, तो सांगायला त्याने मला फोन लावला, तोही माझ्या दुसऱ्या सिमवर. मी उचलला आणि नेट बंद. तो पलीकडून आकडे वाचतोय, इकडे पोर्टलवर चक्र फिरतंय. फोन ठेवला, नेट परत आलं, तर सेशनच संपलेलं. असं तीनदा झालं. बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. उपाय एवढाच, की ज्या सिमवर कॉल येतात त्याच सिमचा डेटा वापरा आणि व्होएलटीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) चालू ठेवा, म्हणजे बोलता बोलताही नेट सुरू राहतं. व्होएलटीई बंद असेल तर कॉल आला की फोन जुन्या २जी-३जी नेटवर्कवर उतरतो आणि नेट जवळजवळ मरतं.

डेटाचं बोलायचं तर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक फोनवर पुरतो, तोच कॉम्प्युटर तासाभरात पिऊन टाकतो. फुल एचडी व्हिडिओच तासाला दीड जीबी आणि वर खातो. आणि तुम्ही काहीच करत नसलात तरी विंडोज अपडेट आतून खात बसतं. त्यासाठी विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन हे कनेक्शन 'मीटर्ड' (म्हणजे मोजून मिळणारं) करा, मग मोठे अपडेट आपसूक थांबतात. पण एक खोड लक्षात ठेवा. पुष्कळ अँड्रॉइड फोन पुन्हा जोडले की विंडोजला नवंच यंत्र वाटतात, 'नेटवर्क २', 'नेटवर्क ३' अशी नावं वाढत जातात आणि तुमचं मीटर्ड पुसलं जातं. रोज सकाळी एकदा नजर टाका. लिमिट संपल्यावर स्पीड ६४ केबीपीएसवर आला तर एक एमबीची पीडीएफ उतरायला दोन मिनिटं लागतात.

तसं आम्ही त्याहून वाईट दिवस काढलेत. नोकियाचा फोन, तो कॉम्प्युटरला जोडायचं पीसी सूट हे सॉफ्टवेअर, नेटसाठी *९९# डायल करायचं, आणि कोपऱ्यात विंडोज दिमाखात ४६०.८ केबीपीएस दाखवायचं. तो आकडा फोन आणि कॉम्प्युटरमधल्या जोडणीचा होता, जीपीआरएसवर, म्हणजे तेव्हाच्या २जी नेटवर, हाती यायचे सेकंदाला चार-पाच किलोबाइट. तरी रेल्वे भरतीचा रिझल्ट बघायला शेजारची पोरं आमच्याकडेच यायची.

घरमालकांचं स्वतःचं वाय-फाय असेल तर आणखी एक सोय आहे. पासवर्ड मागून फोन त्याला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि वर तेच यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन मग ते वाय-फाय केबलमधून कॉम्प्युटरला देतात, म्हणजे फोनच तुमचं वाय-फाय कार्ड. तुमचा डेटा शून्य जातो. महिन्याला थोडे पैसे देऊ करा, भोक पाडण्यापेक्षा त्यांना हे लवकर पटेल.

आयफोन असेल तर मात्र कॉम्प्युटरवर आधी आयट्यून्स टाकावं लागेल, त्याशिवाय विंडोज त्याला बऱ्याचदा ओळखत नाही.