भिंतीतल्या सॉकेटची राखण

प्रश्न : आमची सीएची पेढी आहे. बैठकीच्या खोलीत येणारे क्लायंट भिंतीतल्या सॉकेटला लॅपटॉप जोडून सरळ आमच्या नेटवर्कमध्ये शिरतात, म्हणून सिस्कोच्या स्विचवर सगळ्या पोर्टना डॉट-वन-एक्स, म्हणजे ओळख पटल्याशिवाय यंत्राला नेटवर्कमध्ये न घेणारी तपासणी, लावलं. तेव्हापासून प्रिंटर दिसत नाही, निम्म्या पीसींना आयपी मिळत नाही. काढून टाकू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : अजिबात काढू नका. लोकांची विवरणपत्रं, बँकेचे तपशील तुमच्या भरवशावर आहेत. बैठकीच्या खोलीचा पोर्ट आहे तसाच कडक राहू द्या. बाकीच्या पोर्टवर मात्र आजच ‘ऑथेंटिकेशन ओपन’ ही कमांड द्या. तपासणी चालू राहते, पण नापास झालेलं यंत्रही अडत नाही. दोन-तीन आठवडे रेडियस सर्व्हरचा, म्हणजे ओळख खरी की खोटी ते ठरवणाऱ्या सर्व्हरचा, लॉग (नोंदवही) वाचत राहा. कोण नापास होतंय ते कळून निस्तरलं, की एकेका पोर्टवरची ही कमांड काढत जा. दोन स्विचना जोडणारा पोर्ट आणि सर्व्हरचा पोर्ट यांना डॉट-वन-एक्स लावूच नका.

पीसींच्या बाबतीत आधी विंडोजची ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ सर्व्हिस बघा. ती आपोआप सुरू होत नाही, आणि ती बंद असली की स्विचने ओळख विचारली तरी पीसी उत्तरच देत नाही. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या पीसींना एकाच जागेवरून सेटिंग देणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, ती ऑटोमॅटिक करा.

प्रिंटरच्या मेनूत डॉट-वन-एक्स असेल तर तेच वापरा. नसेल तर त्या पोर्टवर ‘मॅब’ लावा, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) ओळख. इथे एक खोच आहे. मूळ सेटिंगमध्ये स्विच ३०-३० सेकंद थांबून तीनदा विचारतो आणि मगच मॅक बघतो. त्या दीड मिनिटात प्रिंटर आयपी मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा बिनकामाचा पत्ता घेऊन बसतो. ‘टीएक्स-पीरियड’ (दर वेळी थांबायचे सेकंद) १० करा, अर्ध्या मिनिटात काम होईल. पण मॅक अ‍ॅड्रेस बहुतेक प्रिंटरच्या मागेच छापलेला असतो आणि तो कोणालाही आपल्या लॅपटॉपला लावता येतो. म्हणून प्रिंटरना वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) द्या आणि तिथून फाइल सर्व्हरकडे जाणारी वाट अडवा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. परत आली की स्विच आधी उठतो, रेडियस सर्व्हर मागून, आणि तेवढा वेळ सगळी कचेरी खोळंबते. दोन्ही यूपीएसवर घ्या. शिवाय सर्व्हर सापडला नाही तर पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचा, हेही स्विचला आधीच सांगून ठेवा. बैठकीच्या खोलीला मात्र ती सवलत देऊ नका.