वाचकांचे प्रश्न : जर्मनीतील 'सुपरस्टार'चा शोध

प्रश्न : जर्मनीतही 'इंडियन आयडल'सारखी गायनस्पर्धा आहे, असे ऐकले. तिचा इतिहास सांगाल का?

उत्तर : होय. 'डॉइचलांड झुख्ट डेन सुपरस्टार', म्हणजे 'जर्मनी सुपरस्टारच्या शोधात', ही स्पर्धा 'आरटीएल' वाहिनीवर नोव्हेंबर 2002 मध्ये सुरू झाली. 'पॉप आयडल' या ब्रिटिश कार्यक्रमाचा तो जर्मन अवतार असल्याने, अभिजीत सावंत ज्या 'इंडियन आयडल'चे पहिले विजेते ठरले, त्याचे आणि हिचे मूळ एकच आहे. मार्च 2003 मध्ये अलेक्झांडर क्लाव्स पहिले विजेते झाले. पुढे त्यांनी संगीत रंगभूमीवर नाव कमावले, आणि माझ्या मते विजेतेपदाचे खरे चीज तिथेच झाले. 'मॉडर्न टॉकिंग' या जोडीतील संगीतकार डीटर बोलेन पहिल्या पर्वापासून परीक्षक होते. विजेत्यांची अनेक गाणी ते स्वतःच रचत आणि नवख्या, भेदरलेल्या गायकालाही तोंडावर जिव्हारी लागेल असे बोलत. हे मला आजही खटकते. 2022 च्या पर्वात ते नव्हते, 2023 मध्ये परतले. 2012 चे विजेते लुका हॅनी आणि 2013 च्या विजेत्या बेआट्रिस एगली हे दोघे तर स्वित्झर्लंडचे.