प्लांटेड टँक, तुमचे प्रश्न: सीओटूचा रेग्युलेटर कोणता घेऊ?

प्रश्न: ताई नमस्कार. माझा झाडं लावलेला तीन फुटी फिश टँक आहे, साधारण १९० लिटरचा. अनुबियास, जावा फर्न मस्त वाढलेत पण रोटाला नुसती काटकुळी होऊन वर जाते आणि खालचा माँटे कार्लो (तळावर पसरणारं झाड) पसरायचं नाव घेत नाही. आता झाडांसाठी पाण्यात सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सिलिंडरमधून सोडायचं पक्कं केलंय. सिलिंडरचं प्रेशर उतरवायला रेग्युलेटर लागतो, तर दुकानदार म्हणतो डबल मीटरवाला घ्या, तो डबल स्टेज असतो. आणि माझा एक मित्र फॅब्रिकेशनवाला आहे, तो म्हणतो माझ्याकडे वेल्डिंगचा सीओटू रेग्युलेटर पडून आहे, फुकट घेऊन जा. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी दुकानदाराचं बोलणं बाजूला ठेवा, कारण ते चूक आहे आणि ही चूक मी इतक्या ठिकाणी ऐकलीये की दरवेळी जीव तुटतो. डबल मीटर वेगळं आणि डबल स्टेज वेगळं. दोन मीटर असले की एक सिलिंडरच्या आतलं प्रेशर दाखवतो आणि दुसरा बाहेर येणारं, बस एवढंच. स्टेज म्हणजे प्रेशर किती टप्प्यांत खाली आणलं जातं ते. बाजारातले बहुतेक डबल मीटरवाले रेग्युलेटर सिंगल स्टेजच असतात. खरा डबल स्टेज हातात घेतला की वजनावरूनच अंदाज येतो, आत दोन चेंबर असतात, आणि किंमतही चांगलीच जास्त असते.

फरक कुठे पडतो ते सांगते. सिलिंडरमध्ये सीओटू लिक्विड असतो, त्याचं प्रेशर २० डिग्रीला साधारण ५७ बार, म्हणजे ८३० पीएसआयच्या आसपास. जोपर्यंत आत थोडं जरी लिक्विड आहे तोपर्यंत काटा तिथेच राहतो, सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला. लिक्विड संपलं की मग काटा भराभर खाली येतो, आणि इथेच सिंगल स्टेजची खोड बाहेर येते, आतलं प्रेशर पडायला लागलं की बाहेरचं प्रेशर उलट वर चढतं. तुम्ही गॅसचा वेग सेकंदाला दोन बबल (बुडबुडे) लावून झोपलेले असता आणि सकाळी टायमरने गॅस चालू झाल्यावर बबल मोजता येणार नाहीत इतके सुटलेले असतात. माझ्या एका टँकमध्ये असंच झालं होतं, मी दोन दिवस गावाला गेले होते, परत आले तर सगळे टेट्रा मासे मरून वर तरंगत होते. ते दृश्य मी विसरले नाहीये, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

म्हणजे डबल स्टेजच घ्या असं माझं म्हणणं आहे का, तर नाही. तुम्ही रोज घरी असाल, टँककडे रोज लक्ष असेल, तर चांगला नीडल व्हॉल्व्ह (बबलचा वेग बारीक कमीजास्त करणारा) असलेला सिंगल स्टेज पुरतो, फक्त एक नियम पाळायचा: काटा नेहमीच्या जागेवरून खाली सरकायला लागला की त्याच आठवड्यात सिलिंडर भरून आणायचा, शेवटचा थेंब संपवायच्या मागे लागायचं नाही. किती गॅस उरलाय ते काट्यावरून कळत नाही, वजनावरून कळतं. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, महिन्यातून एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. आणि तुम्हाला फिरतीची नोकरी असेल, टँक घरच्यांच्या भरवशावर राहत असेल, तर मात्र पैसे साठवून डबल स्टेज घ्या.

आता ज्याकडे कुणी बघत नाही तो नीडल व्हॉल्व्ह. माझ्या मते रेग्युलेटरची निम्मी किंमत इथे वसूल होते. स्वस्त सेटवरचा व्हॉल्व्ह केसभर फिरवला की एक बबलचे पाच होतात, आणि रात्री ठरवलेला वेग सकाळी वेगळाच असतो. दुकानात हाताने फिरवून बघा, गच्च पण सलग फिरला पाहिजे, मध्ये डुगडुगता कामा नये. फिरवल्यावर लगेच निकाल बघू नका, काही मिनिटं थांबा मग बबल मोजा. आणि बंद करताना जोर लावून आवळू नका, आतली सुई खराब होते, मग तो कधीच नीट बंद होत नाही.

बाहेरचं प्रेशर कमीजास्त करता येणारा नॉब असेल तर उत्तम. काचेच्या साध्या डिफ्युझरला (गॅसचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारा) एक-दीड बार पुरतो पण फिल्टरच्या पाइपवर लावायचा इनलाइन डिफ्युझर घेतला तर दोन बार किंवा त्याहून जास्त लागतं, आणि फिक्स प्रेशरवाल्या रेग्युलेटरवर मग काहीच करता येत नाही.

सोलेनॉईड, म्हणजे टायमरवर गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, हवाच. लाइट लागायच्या एक-दोन तास आधी गॅस चालू, लाइट बंद व्हायच्या तासभर आधी गॅस बंद, हे रोज हाताने होत नाही. करंट नसताना बंद राहणारा घ्या, म्हणजे लाइट गेली की फिल्टरबरोबर गॅसही थांबतो. हाताने चालू-बंद करायच्या रेग्युलेटरमध्ये लाइट गेल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि गॅस मात्र चालूच राहतो, हे माशांना महागात पडतं. टायमरही बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घ्या, कारण चक्रीवाला टायमर लाइट गेली तेवढा वेळ मागे पडतो आणि महिन्याभरात गॅस भलत्याच वेळी चालू व्हायला लागतो.

मित्राचा वेल्डिंगचा रेग्युलेटर. तो सीओटूचाच असेल तर प्रेशर उतरवायचं काम तो करेल, पण तो मिनिटाला काही लिटर गॅस सोडायला बनवलेला असतो आणि आपल्याला सेकंदाला दोन-तीन बबल हवेत. वेगळा चांगला नीडल व्हॉल्व्ह, सोलेनॉईड, त्यांना जोडायला फिटिंग, हे सगळं जमवता जमवता नवीन सेटच्या जवळपास खर्च होतो. मित्र स्वतः जोडून, तपासून देणार असेल तरच घ्या. ऑक्सिजनचा किंवा आर्गनचा चुकूनही लावू नका.

आणि पैसे देण्याआधी सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे आटे आणि रेग्युलेटरच्या नटचे आटे जुळतात का ते दुकानातच बसवून बघा. बाहेरून मागवलेल्या सेटवर वेगवेगळ्या देशांचे आटे येतात, जर्मन वेगळे, अमेरिकन वेगळे, आणि दिसायला जवळजवळ सारखेच. बसत नसताना पाना लावून ढकलायचा नाही. त्या सांध्यात वॉशर असतो, तोच गॅस अडवतो, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची नसते. जोडून झालं की साबणाचं पाणी लावून फेस येतो का बघा.

सुरुवात सेकंदाला एका बबलने करा आणि ड्रॉप चेकर लावा, तो पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवतो. त्यात ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्याचा कार्बोनेट हार्डनेस) तयार पाणी भरायचं, टँकचं नाही. हिरवा झाला की सीओटू साधारण ३० पीपीएम, पिवळा झाला की जास्त. तो एक-दोन तास उशिरा रंग बदलतो, म्हणून रंगापेक्षा माशांवर विश्वास ठेवा, ते वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की लगेच गॅस बंद आणि एअर पंप चालू.

प्रश्न: ताई, मी अकरावीला आहे. माझा दीड फुटी टँक आहे, ४० लिटरचा. घरचे सिलिंडर आणू देत नाहीत. सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्यापासून सीओटू बनवणाऱ्या किटला तुम्ही सांगता तसा रेग्युलेटर लावता येईल का? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर: सिलिंडरचा रेग्युलेटर तुला लागणारच नाही रे, कारण किटचं प्रेशर मुळातच दोन-अडीच बारपर्यंत असतं, तिथे उतरवायला काही नसतं. तुला लागेल एक चांगला नीडल व्हॉल्व्ह, चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) आणि बबल मोजायला बबल काउंटर. स्टीलची बाटली असलेलं किट घेतलंस तर हे त्यावरच येतं, वर सेफ्टी व्हॉल्व्हही असतो.

तू सायन्सला असशील तर हा हिशेब तुला आवडेल: २०० ग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर साधारण १०५ ग्रॅम सीओटू मिळतो. म्हणजे दोन किलोच्या एका सिलिंडरची बरोबरी करायला १९ वेळा किट भरावं लागेल. तीन फुटी टँकला हे परवडत नाही पण तुझ्या ४० लिटरला अगदी ठीक आहे. कोल्ड्रिंकच्या बाटल्या वापरणार असशील तर फक्त त्याच वापर, पाण्याच्या बाटल्या किंवा काचेच्या कधीच नाही. आणि यीस्ट-साखरेपासून सीओटू बनवायच्या बाटलीवर बंद होणारा कुठलाही व्हॉल्व्ह बसवू नकोस, यीस्ट थांबत नाही, आत प्रेशर वाढत जाऊन बाटली फुटते. घरच्यांना एकदा दाखवून, समजावून मगच चालू कर.

प्रश्न: आमच्याकडे मे महिन्यात हॉल तापलेला असतो. दुपारी मीटरचा काटा हजार पीएसआयच्या वर जातो. रेग्युलेटर बिघडलाय का, सिलिंडर फुटेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: रेग्युलेटर ठीक आहे. ३० डिग्रीलाच आतलं प्रेशर ७२ बार, म्हणजे १०४५ पीएसआयच्या आसपास होतं, आणि ३१ डिग्रीच्या वर तर सीओटू लिक्विड म्हणून राहतच नाही, मग प्रेशर आत किती गॅस कोंबलाय त्यावर ठरतं. म्हणून भरणारा माणूस वजनावर भरतो की नाही हे उभं राहून बघा. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये दोन किलोच, वरची मोकळी जागा उन्हाळ्यासाठीच असते. सिलिंडर मान्यताप्राप्त असला पाहिजे, त्यावर टेस्टची तारीख ठोकलेली असते ती जुनी झालेली नको. ही मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारी संस्थेचं मुख्यालय तुमच्या नागपुरातच आहे. टँकचं स्टँड बंद कपाटाचं असेल तर उन्हाळ्यात दार उघडं ठेवा, गॅस गळला तर तोही आत साचत नाही.

प्रश्न: सोसायटीतला जुना सीओटूचा फायर एक्स्टिंग्विशर मिळतोय, त्याला रेग्युलेटर लावू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नका लावू. त्यात तळापर्यंत जाणारी नळी असते, आग विझवताना लिक्विड बाहेर यावं म्हणून. रेग्युलेटर लावलात तर गॅसऐवजी लिक्विडच आत शिरेल, गोठेल आणि रेग्युलेटर गेलाच म्हणून समजा. ती नळी काढून, टेस्ट करून, सीओटूचा व्हॉल्व्ह बसवून देणारे असतात, पण ते काम परवाना असलेल्याकडेच करायचं, घरी पाना घेऊन नाही. नवीन सिलिंडरच घेतलात तर जास्त बरं, आणि तो नेहमी उभा ठेवा, आडवा केला की त्यातूनही लिक्विडच येतं.